थपकी बेडकी आणि काळवंडलेला बर्फ

उंच उंच डोंगर. डोंगरावर बर्फ. बर्फातून निघाली नदी. नदीच्या कडेला डोह. डोहात एक दगड. आणि दगडावर कोण बसलंय? अंगठ्याएवढी बेडकी. तिचं नाव थपकी.

थपकीनं एक उडी मारली, थपक. दुसरी मारली, थपक. तिसरी मारली ती पाण्यात, डुबुक.

दगडाखाली थपकीची भावंडं होती. ती अजून अंड्यांत होती. कशी होती अंडी? उपासाला साबुदाणा भिजवतो ना आपण, अगदी तशी. गोल गोल, चकचकीत, एकमेकांना चिकटलेली. प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका. एक ठिपका म्हणजे एक भावंड. पाणी गार असलं की ठिपका वळवळायचा. पाणी तापलं की गप्प व्हायचा.

एकदा सकाळी आई किडे आणायला निघाली. किडे आता फार वरच्या ओढ्यात मिळायचे. जाताना म्हणाली, "थपके, यांच्याकडे लक्ष ठेव हं."

"ठेवते की," थपकी म्हणाली.

आई गेली. ऊन आलं. थपकीचे डोळे पेंगुळले. जरा पडते, म्हणाली, आणि चांगली घोरायला लागली. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

जाग आली तेव्हा पोटाखालचा दगड गरम होता. पाणी खाली गेलं होतं. बोट घालून पाहिलं तर कोमट. दगडाखाली डोकावून पाहिलं तर ठिपके गप्प. तिनं अंड्यांना कान लावला. टुक… टुक… अगदी हळू. भावंडं होती अजून. पण दमली होती.

थपकीला लाज वाटली. इतकी वाटली की हिरवी थपकी पिवळी पडली. आई येईल. विचारील. काय सांगू तिला?

आधी पाणी गार करू, मग काय ते सांगू. थपकी निघाली.

थपक थपक थपक, डोहाच्या मध्यावर. हात जोडले, डोळे मिटले, आणि म्हणाली,

"डोहकाका, डोहकाका, गार पाणी द्या.
दगडाखाली माझी भावंडं,
तापली गं तापली."

डोहानं एक पिवळं पान तोंडावर ओढून घेतलं. पूर्वी मी केवढा होतो, म्हणाला. मासे माझ्यात लपाछपी खेळायचे. आता तळाचे गोटे दिसतात, लाज वाटते. "नदी मला भरेल, तर मी अंड्यांना निववीन. तू नदीला सांग."

थपक थपक थपक, थपकी आली नदीकडे. नदी दगडांमधून वाहत होती, सुर्र सुर्र, दोऱ्यासारखी बारीक. थपकीनं हात जोडले, डोळे मिटले, आणि म्हणाली,

"नदीमावशी, नदीमावशी, गार पाणी दे.
डोह अंड्यांना निववेना.
दगडाखाली माझी भावंडं,
तापली गं तापली."

नदीनं मान खाली घातली. तिला आधीचीच लाज होती. आधी बर्फ भराभर वितळला, तेव्हा ती वेड्यासारखी धावली होती. गढूळ झाली होती, काठावरचं गवत आणि पाखरांची घरटी ओढून नेली होती. मग एकाएकी आटली. शेवाळ वाळलं. पाणकिडे गार पाणी शोधत वर गेले. किड्यांमागे मासे गेले. माशांमागे पाखरं गेली.

"एवढं सगळं माझ्या अंगणातून गेलं," नदी म्हणाली, "आणि मी कुणाला थांब म्हटलं नाही. बर्फ माझ्यापाशी येईल, तर मी डोहाला भरीन. तू बर्फाला सांग."

थपक थपक थपक, थपकी चढली डोंगर. चढली आणि घसरली. घसरली आणि चढली. बर्फ पूर्वी पहिल्या वळणावर असायचा. तिथे नव्हता. दुसऱ्या वळणावर असायचा. तिथेही नव्हता. बर्फ आपला मागे मागे सरकत वर जाऊन बसला होता, कपारीत, पाठ करून.

थपकीनं हात जोडले, डोळे मिटले, आणि म्हणाली,

"बर्फआजोबा, बर्फआजोबा, गार पाणी द्या.
नदी डोहाला भरेना.
डोह अंड्यांना निववेना.
दगडाखाली माझी भावंडं,
तापली गं तापली."

बर्फ वळेना. थपकीनं विचारलं, आजोबा, तुम्ही पाठ का केलीत? तेव्हा तो हळूच वळला. अगं बाई. आजोबांचं तोंड काळं होतं. कपाळावर काजळी, गालांवर काजळी. काळं तोंड उन्हात लवकर तापतं. तापलं की गळतं. टप टप. टप टप. आणि गळता गळता आजोबा लहान होत होते.

"असलं तोंड घेऊन मी खाली कसा येऊ बाळ?" आजोबा म्हणाले. "चार लोक बघतात. म्हणून वर वर पळतो. ढग मला पांढरं पांघरूण घालून झाकेल, तर मी नदीपाशी येईन. तू ढगाला सांग."

थपक थपक थपक, थपकी गेली शिखरावर. ढग शिखरामागे लपला होता. पण ढगाला कुठे लपता येतं? पोट बाहेर राहिलं होतं. थपकीनं पोटाला गुदगुली केली. मग हात जोडले, डोळे मिटले, आणि म्हणाली,

"ढगमामा, ढगमामा, गार पाणी द्या.
बर्फ नदीपाशी येईना.
नदी डोहाला भरेना.
डोह अंड्यांना निववेना.
दगडाखाली माझी भावंडं,
तापली गं तापली."

ढग म्हणाला, पांघरूण तर केव्हाचं तयार आहे. मऊ आहे, पिंजलेल्या कापसासारखं आहे. पण मला पाय नाहीत. वारा नेईल तिकडे मी जातो. वारा गार असला की माझं हिम पडतं. वारा तापलेला असला की नुसता पाऊस पडतो, सर सर सर, आणि आजोबा आणखीच विरघळतात. मागच्या खेपेला तसंच झालं. तेव्हापासून तोंड दाखवायला लाज वाटते. "गार वारा मला आणेल, तर मी बर्फाला झाकीन. तू वाऱ्याला सांग."

थपक थपक थपक, थपकी आली खिंडीत. वारा खिंडीत राहतो. एरवी केवढा दंगा करतो. आज कोपऱ्यात बसून पुटपुटत होता, हू… हू… हू… थपकीनं हात जोडले, डोळे मिटले, आणि म्हणाली,

"वारादादा, वारादादा, गार पाणी दे.
ढग बर्फाला झाकेना.
बर्फ नदीपाशी येईना.
नदी डोहाला भरेना.
डोह अंड्यांना निववेना.
दगडाखाली माझी भावंडं,
तापली गं तापली."

वाऱ्यानं हात पाठीमागे लपवले. थपकी उजवीकडून गेली, त्यानं हात डावीकडे नेले. ती डावीकडून गेली, त्यानं उजवीकडे नेले. शेवटी पुढे केले. हात काळे होते. गरम होते. धूर त्यांना चिकटून बसला होता.

"या हातांनी मीच काजळी फासली आजोबांच्या तोंडाला," वारा म्हणाला. "ठाऊक नव्हतं गं. आता ठाऊक आहे, तर बोलायची लाज वाटते. धूर मला सोडेल, तर मी ढगाला आणीन. तू धुराला सांग."

धूर कुठे राहतो? वाऱ्यानं खाली बोट दाखवलं. खाली गाव होतं. गावाच्या टोकाला देवीचं देऊळ होतं. देवळाच्या मागून करड्या रंगाची एक शेपटी आकाशात चालली होती.

थपक थपक थपक, थपकी डोंगर उतरली. ऊन कडक झालं. बेडकीचं अंग ओलं असावं लागतं, ठाऊक आहे ना? थपकीचं अंग सुकत चाललं. पाठीला सुरकुत्या पडल्या. थप… क. थप… क. तरी ती थांबली नाही. धुरापाशी आली, खोकली, हात जोडले, डोळे मिटले, आणि म्हणाली,

"धूरभाऊ, धूरभाऊ, गार पाणी दे.
वारा ढगाला आणेना.
ढग बर्फाला झाकेना.
बर्फ नदीपाशी येईना.
नदी डोहाला भरेना.
डोह अंड्यांना निववेना.
दगडाखाली माझी भावंडं,
तापली गं तापली."

धूर कसंनुसं हसला. मी आलो की सगळे डोळे चोळतात, म्हणाला, कुणी या म्हणत नाही. पण मी तरी काय करू? मागून धुनी ढकलते. एक मी गेलो की दुसरा मी, दुसरा गेला की तिसरा मी. "धुनी मला आवरेल, तर मी वाऱ्याला सोडीन. तू धुनीला सांग."

धुनी म्हणजे देवीपुढे पेटवलेला विस्तव. लहानसा नाही हं. चांगला मोठा, दिवसरात्र जळणारा. थपकी लांबच बसली, नाही तर पाय भाजले असते. हात जोडले, डोळे मिटले, आणि म्हणाली,

"धुनीबाई, धुनीबाई, गार पाणी दे.
धूर वाऱ्याला सोडेना.
वारा ढगाला आणेना.
ढग बर्फाला झाकेना.
बर्फ नदीपाशी येईना.
नदी डोहाला भरेना.
डोह अंड्यांना निववेना.
दगडाखाली माझी भावंडं,
तापली गं तापली."

धुनी लाल होतीच, ती आणखी लाल झाली. म्हणाली, बाई गं, मला ओली लाकडं खायला मिळतात. ओलं खाल्लं की ढेकर येतो. माझा ढेकर म्हणजे तो धूर. देवीसमोर ढेकर द्यायची लाज वाटते, पण थांबतच नाही. "बिसनीमाई मला विझवेल, तर मी धुराला आवरीन. तू माईला सांग."

बिसनीमाई कोण? ती ह्याच गावातली एक बाई. मायाळू, देवभोळी. सोमवारी उपास, मंगळवारी उपास, कुणाचं मूल आजारी पडलं की त्याच्यासाठी आणखी एक उपास. नदी आटायला लागली तेव्हा तिचा जीव कळवळला. तिनं देवीपुढे पदर पसरला आणि वसा घेतला: नदी भरेपर्यंत धुनी विझू देणार नाही. ती रोज रानात जायची, मोळी आणायची, धुनीत घालायची. तिचं पाहून घरोघरच्या बायकांनी आपापल्या अंगणात धुन्या पेटवल्या. नदी काही भरली नाही. मग माई आणखी लाकडं घालू लागली.

माई मोळी सोडत होती. थपकी तिच्या पायाशी आली. हात जोडले, डोळे मिटले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बिसनीमाई, बिसनीमाई, गार पाणी दे.
धुनी धूर आवरेना.
धूर वाऱ्याला सोडेना.
वारा ढगाला आणेना.
ढग बर्फाला झाकेना.
बर्फ नदीपाशी येईना.
नदी डोहाला भरेना.
डोह अंड्यांना निववेना.
दगडाखाली माझी भावंडं,
तापली गं तापली."

माईला वाईट वाटलं. तिनं तांब्यातलं पाणी थपकीच्या पाठीवर ओतलं. पण मान हलवली. "वसा आहे बाळ माझा. घेतला वसा मध्येच कसा टाकू? नदी भरली की धुनी विझवीन. तू नदीला सांग."

बरं, म्हणाली थपकी. वळली नदीकडे. एक पाय उचलला. नदीला काय काय सांगायचं ते विसरू नये, म्हणून घोकायला लागली,

"माई धुनी विझवेना.
धुनी धूर आवरेना.
धूर वाऱ्याला सोडेना.
वारा ढगाला आणेना.
ढग बर्फाला झाकेना.
बर्फ नदीपाशी येईना.
नदी…"

नदी. थपकीचा पाय वरच राहिला. नदीलाच सांगायला निघाले, आणि नदी तर इथंच बसलीय, मधोमध. नदी म्हणेल बर्फाला सांग. बर्फ म्हणेल ढगाला सांग. फिरून फिरून पुन्हा माईच्या दारात. आता जायचं कुठे?

थपकी मटकन खाली बसली.

"माई," ती म्हणाली, "आईनं मला सांगितलं होतं लक्ष ठेव म्हणून. मी झोपले. आईला सांगायची लाज वाटते म्हणून मी सगळीकडे फिरले."

माईच्या हातात लाकूड होतं. ते हातातच राहिलं. तिनं वर डोंगराकडे पाहिलं. बर्फाच्या तोंडावरची काजळी इथूनही दिसत होती. तिनं धुराची शेपटी पाहिली, ती तिकडेच चालली होती. मग तिनं आपले हात पाहिले. माईनं पदर डोळ्यांवर ओढला. बराच वेळ काढला नाही. नदी भरावी म्हणून जी पेटवली, तिच्यामुळेच नदी आटत होती. आणि माई रोज तिला खाऊ घालत होती, भक्तीनं.

तिनं लाकूड खाली ठेवलं.

इतक्यात तिची जाऊ आली, गोदांबरी. तिचीही मोळी डोक्यावर होती. काय चाललंय ते ऐकून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आज बेडकी सांगते म्हणून धुनी विझवणार. उद्या सरडा येईल, त्याचंही ऐकशील का? वसा मोडलास तर देवी काय म्हणेल?"

"मोडत नाही, जाऊबाई. उद्यापन करते," माई म्हणाली. "देवीला सगळं दिसतंच आहे. चूक झाकायला आणखी लाकडं घालू, की तिच्यासमोर कबूल करू?"

गोदांबरीनं डोक्यावरची मोळी हळूच उतरवली.

माईनं धुनीला हळदकुंकू वाहिलं. तांदूळ वाहिले. वाटीत दूध घेतलं, त्यात पाणी घातलं आणि म्हणाली, "अग्निदेवा, आता शांत हो. माझं चुकलं, तुझं नाही." आणि वाटी ओतली. चर्र… चर्र… फुस्स.

धुनीच्या जागी तिनं इवलंसं निरांजन ठेवलं. एक वात, चमचाभर तूप. आणि देवीपुढे नवा वसा घेतला: ओलं लाकूड जाळणार नाही, गरजेपुरतंच पेटवीन, आणि जितक्या मोळ्या तोडल्या तितकी रोपं लावीन.

गोदांबरी गेली घरी. जाताना पुटपुटत होती, बेडकीचं ऐकायचं म्हणजे कमाल झाली. पण घरी जाऊन तिनं काय केलं? आपल्या अंगणातली धुनी निववली. चर्र… फुस्स. ते पाहून शेजारणीनं. चर्र… फुस्स. मग तिच्या शेजारणीनं. फुस्स. फुस्स. फुस्स.

आणि मग काय झालं? बोला माझ्याबरोबर.

माईनं धुनी विझवली.
धुनीनं धूर आवरला.
धुरानं वाऱ्याला सोडलं.
वाऱ्यानं ढगाला आणलं.
ढगानं बर्फाला झाकलं.

पांघरूण पातळ होतं. पण पांढरं होतं. बर्फआजोबांनी ते नाकापर्यंत ओढून घेतलं आणि गळायचे थांबले. नदीला लागतं तेवढंच पाणी, थेंब थेंब, गार गार सोडू लागले. मी पूर्वीएवढा मोठा आता लगेच होणार नाही, म्हणाले. पण पळूनही जाणार नाही. आणि पाऊलभर खाली सरकले.

बर्फ नदीपाशी आला.
नदीनं डोहाला भरलं.
डोहानं अंड्यांना…

थपकी धावली. थपक थपक थपक. थपक थपक थपक. डुबुक. दगडाखाली गेली. पाणी गार होतं. गार. तिनं अंड्यांना कान लावला. टुक. टुक. टुक टुक टुक. एक ठिपका हलला. दुसरा हलला. मग सगळा साबुदाणाच वळवळायला लागला.

आई आली तेव्हा थपकीनं आपण होऊन सगळं सांगितलं, झोपेसकट. आई रागावली, थोडीच. मग तिला जवळ घेऊन बसली. दोघी बघत राहिल्या.

तिकडे वारा हात धुऊन निघाला. डोंगराखाली सपाट मुलुख आहे. तिथे याहून मोठमोठ्या धुन्या आहेत, काही चाकांवर पळतात, काहींना उंच धुराडी आहेत. वारा त्यांच्या दारोदार सांगतो आहे, माई धुनी विझवते, तुम्ही कधी विझवता? काही जण मान खाली घालतात. मान खाली घातली, म्हणजे ऐकलं असणार.

आणि डोहात? पट. एक अंडं उघडलं. पट पट. दुसरं, तिसरं. इवल्या शेपट्या बाहेर आल्या, सुळुक सुळुक. त्यांना ठाऊक नव्हतं कोण झोपलं होतं, कोण लपलं होतं, कुणाचं तोंड काळं झालं होतं. त्यांना एवढंच कळलं, की पाणी गार आहे.

थपकीच्या दगडाखाली निवलं, तसं सगळ्यांच्या दगडाखाली निवो. माझी गोष्ट पाण्यात उतरली, डुबुक.